उशाकडचा उतार आणि पाठीची जखम

नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार जगभर शय्याव्रण रोखण्याचा दिवस म्हणून पाळला जातो. शय्याव्रण म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांना होणारे बेडसोअर. पक्षाघातानंतर किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा आता लवकरच घरच्यांवर येऊन पडते. भाड्याचा पलंग येतो, हवेची गादी येते, पावडरही येते. तरी माकडहाडावरची कातडी काळवंडतेच आणि बोल लागतो तो सुनेला, नाहीतर कामावरच्या मावशींना.

दोष पुष्कळदा पलंगाच्या उताराचा असतो. उशाकडची बाजू उचलली की धडाचे वजन पायांकडे ओढू लागते. 30 अंशांना ही ओढ धडाच्या वजनाच्या निम्मी, 45 अंशांना सुमारे 70 टक्के. शिवाय उतार वाढेल तशी पाठ गादीवर कमी रेलते, म्हणजे तिथली घर्षणाची पकड सैल होते आणि भार बैठकीवर येतो. तिथली घामाने ओलसर कातडी चादरीला चिकटून राहते. घसरते ते आतले हाड. मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या-पिळल्या जातात, रक्त पोहोचत नाही. म्हणून अशी जखम आत, हाडाजवळ सुरू होते आणि वर दिसायला काही दिवस जातात. हे कारण वैद्यकीय नियतकालिकांत 1958 पासून नोंदलेले आहे.

हवेची गादी दाब वाटून देते, ही ओढ थांबवत नाही. त्यासाठी उलट बाजूने अटकाव हवा आणि तो साध्या उशीने मिळतो. आधी गुडघ्यांखाली उशी, मगच डोके वर. टाचा मात्र अधांतरी ठेवाव्यात. उतार शक्यतो 30 अंशांपुढे नको. दम लागणाऱ्यांचे डॉक्टरांनी ठरवावे. नळीने अन्न देताना आणि त्यानंतर काही वेळ 30 अंश तर लागतातच.

सगळ्यात मोठा घात होतो तो घसरलेल्या रुग्णाला काखेत धरून वर ओढताना. कमरेखालच्या आडव्या चादरीची टोके दोघांनी धरून त्याला उचलायला हवे. दुसरा माणूस आणायचा कुठून, हा प्रश्न खराच. दुपारी आजोबांजवळ बहुधा एकच बाई असते. तिने निदान आधी पलंग सपाट करावा, उताराची ओढ तिथेच संपते.

हे तिला सांगणार कोण? अनेक डिस्चार्ज कार्डांवर ‘दर दोन तासांनी कूस बदला’ एवढीच ओळ असते. उशी, अंश आणि चादर यांच्या तीन ओळी तिथे छापता येतील. त्याहून बरे म्हणजे घरी सोडण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरनी नातेवाइकांकडून हे एकदा करवून घ्यावे. दहा मिनिटांचे काम आहे.