चालू न होणाऱ्या ट्रकचा धडा

२०१५ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस श्रीनगरहून लेहकडे जाताना द्रास या गावी माझा मुक्काम पडला. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,३०० मीटर उंचीवरचे हे गाव थंडीसाठी प्रसिद्ध आहे. पहाटे जाग आली ती एका आवाजाने. मुक्कामाच्या जागेसमोर एक जुना डिझेल ट्रक उभा होता आणि चालक सेल्फ मारीत होता. इंजिन कण्हल्यासारखा आवाज करी, दोन फेरे फिरे आणि गप्प होई. थोड्या वेळाने क्लीनरने एका पत्र्याच्या डब्यात लाकडे पेटवली आणि तो डबा डिझेलच्या टाकीखाली सरकवला. पलीकडे चुलीवर पाण्याच्या दोन बादल्या तापत होत्या. ते पाणी त्याने हळूहळू रेडिएटरमध्ये ओतले. पाऊण तासाच्या खटपटीनंतर पांढऱ्या धुराचा लोट सोडीत इंजिन एकदाचे चालू झाले.

तो क्लीनर सोळा-सतरा वर्षांचा असेल. मी विज्ञान शिकवतो हे कळल्यावर त्याने विचारले, "मास्तरजी, काल दुपारी हेच इंजिन एका झटक्यात चालू झाले. इंजिन तेच, डिझेल तेच, बॅटरी तीच. मग रात्रीतून बिघडले काय?"

मी म्हणालो, "थंडीमुळे."

तो हसला. म्हणाला, "ते तर मलाही ठाऊक आहे!"

विद्यार्थी मित्रहो, त्या हसण्याने मी वरमलो. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते, हे वाक्य मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. पण त्या मुलाच्या प्रश्नाला ते वाक्य पुरेसे नव्हते. म्हणून आज एक मत तुमच्यापुढे आणि तुमच्या शिक्षकांपुढे मांडतो. यंत्र शिकायचे असेल, तर चालणाऱ्या यंत्रापेक्षा न चालणाऱ्या यंत्रापासून सुरुवात करावी.

त्या क्लीनरच्या प्रश्नाचे उत्तर आता आपण मिळून शोधू.

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हे तुम्ही हाताने पाहिलेच असेल. हवा झपाट्याने दाबली की तापते. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने हेच तत्त्व टोकाला नेले आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. गंमत अशी, की डिझेल हा कार्ल फॉन लिंडे यांचा विद्यार्थी, आणि लिंडे प्रसिद्ध आहेत ते शीतकरणाच्या यंत्रांसाठी! थंडी निर्माण करणाऱ्या गुरूच्या शिष्याने हवेच्या उष्णतेवर चालणारे इंजिन घडवले.

आता थोडे गणित करू. दट्ट्या वर येताना सिलिंडरमधली हवा सतराव्या हिश्श्यात दाबली जाते असे धरा. उष्णता मुळीच बाहेर गेली नाही, तर हवेचे केल्व्हिनमधील तापमान सुमारे ३.१ पट होते. बाहेर २७ अंश सेल्सियस, म्हणजे ३०० केल्व्हिन असेल, तर आत सुमारे ९३० केल्व्हिन, म्हणजे साडेसहाशे अंशांहून अधिक. बाहेर उणे २० अंश, म्हणजे २५३ केल्व्हिन असेल, तर आत सुमारे ७८४ केल्व्हिन, म्हणजे ५११ अंश. बाहेरचा फरक ४७ अंशांचा, पण आतला फरक जवळजवळ १४६ अंशांचा! म्हणजे रात्री गमावलेला प्रत्येक अंश दट्ट्या वर पोचेपर्यंत तिप्पट महाग पडतो.

पण हे झाले पुस्तकातले इंजिन. जुन्या इंजिनाच्या रिंगा झिजलेल्या असतात, त्यामुळे दाबलेली हवा कडेने निसटते. "कॉम्प्रेशन गेले" असे मिस्त्री म्हणतात ते यालाच. उरलेल्या हवेची उष्णता गार लोखंड शोषून घेते. तेव्हा ३.१ ऐवजी उदाहरणापुरते १.८ पटच धरू. २७ अंशांच्या दुपारी आतले तापमान २६७ अंश होईल. डिझेल आपोआप पेट घेण्यासाठी २१० अंशांच्या वर तापमान लागते, म्हणून इंजिन चालू होईल. उणे २० अंशांच्या पहाटे मात्र आतले तापमान १८२ अंशांवरच अडकेल. डिझेलचे तुषार उडतील, पण पेटणार नाहीत. क्लीनरच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे. रात्रीतून काहीच बिघडले नव्हते. जेमतेम पुरत होते ते पुरेनासे झाले.

आता त्या दोन बादल्यांचा हिशेब करू. इंजिनाचे लोखंड ५०० किलोग्रॅम, तापमान उणे २० अंश. पाणी २० लिटर, तापमान ८० अंश. लोखंडाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या सुमारे एक-नवमांश. म्हणून ५०० किलो लोखंड उष्णतेच्या दृष्टीने साधारण ५५ किलो पाण्याइतके. दहावीतल्या उष्णता-विनिमयाच्या नियमाने हिशेब केला, तर दोघांचे अंतिम तापमान सुमारे ७ अंश येते. म्हणजे लोखंड २७ अंशांनी तापले. आत येणारी हवाही तेवढीच उबदार झाली असे धरले, तर २८० गुणिले १.८, म्हणजे ५०४ केल्व्हिन, अर्थात २३१ अंश. पेटण्याची मर्यादा ओलांडली! त्या मुलाने विशिष्ट उष्णतेचे नाव ऐकलेले नव्हते, पण त्याच्या बादलीत तीच होती. आमच्या वहीत तिची व्याख्या होती, आणि तिचा उपयोग आम्हाला ठाऊक नव्हता.

थंडीचे घाव एवढ्यावर थांबत नाहीत. विद्युत्घटातली रासायनिक क्रिया मंदावते; उणे १८ अंशांच्या सुमारास तो नेहमीच्या जवळजवळ निम्मीच ताकद देतो. त्याच वेळी वंगणतेल घट्ट होते, म्हणून इंजिन फिरवायला ताकद मात्र अधिक लागते. इंजिन हळू फिरले की दाबलेल्या हवेला गार होण्यास आणि निसटण्यास जास्त वेळ मिळतो. शेतातल्या पंपाचे इंजिन हँडल मारून चालू करताना तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. आधी खटका उचलून झडप उघडी ठेवतात, फ्लायव्हीलला चांगला वेग देतात आणि मग खटका सोडतात. तो वेग कशासाठी, हे आता सांगता येईल. ट्रकचालक रात्री गाडी उतारावर का उभी करतात, तेही.

शिवाय डिझेलचे स्वतःचेही एक दुखणे आहे. थंडीत बरणीतले खोबरेल थिजते, तसे डिझेलमधले मेण थंडीत स्फटिकरूपाने वेगळे होते. आधी डिझेल ढगाळ दिसते, मग मेणाने फिल्टर तुंबतो आणि शेवटी डिझेल वाहीनासेच होते. थंड देशांत म्हणूनच हिवाळ्यासाठी वेगळे डिझेल वापरण्याची पद्धत आहे. आपल्याकडे नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखमधील वाहनांसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल विक्रीस आणले. ते पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार होते. टाकीखाली जाळ करण्याच्या सवयीला हे खरे उत्तर आहे. बाधा इंधनात होती, म्हणून उपायही इंधनातच शोधला गेला.

येथे काही शिक्षक म्हणतील, "ट्रकवाल्यांच्या युक्त्या वर्गात कशाला आणायच्या? त्यांतल्या कित्येक अशास्त्रीय आणि धोक्याच्या असतात." हा आक्षेप रास्त आहे. पण माझ्या मते त्या वर्गात आणण्याचे कारणही तेच आहे. या युक्त्या सरसकट खऱ्या नाहीत आणि सरसकट खुळचटही नाहीत. प्रत्येक युक्तीला एकच प्रश्न विचारावा : उष्णता कोठून येते आणि कोठे जाते?

रेडिएटरमधले गरम पाणी या परीक्षेत उतरते. मात्र ते हळूहळू ओतले पाहिजे, कारण गोठलेल्या बिडावर एकदम कढत पाणी पडले तर त्याला तडा जाऊ शकतो. टाकीखालच्या जाळाचा हेतू बरोबर, पण साधन घातक. इंधनाच्या वाफेपर्यंत ज्वाला पोचली तर ट्रक आणि माणूस दोन्ही जातील. शिवाय अडथळा बहुधा फिल्टरमध्ये असतो. तेथे गरम पाण्यात पिळलेले फडके गुंडाळणे कितीतरी बरे. डिझेलमध्ये रॉकेल मिसळल्याने मेण उशिरा धरते हे खरे, पण इंधनपंपाचे वंगण डिझेलनेच होते आणि रॉकेल त्या कामाला कमी पडते. इथर फवारले तर ते डिझेलपेक्षा पुष्कळ कमी तापमानाला पेटते. म्हणूनच ते वेळेआधी भडकून दट्ट्याच्या रिंगा मोडू शकते. आणि ऊब मिळावी म्हणून बंद केबिनमध्ये शेगडी पेटवून झोपणे तर जिवावरचे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्याला ते जागे करीत नाही.

पाहा, एकाच ट्रकपाशी उष्णता-विनिमय, वायूंचे नियम, विद्युत्घट, तेलाचा घट्टपणा आणि इंधनाचे रसायन एकत्र आले. पुस्तकात हे पाच वेगवेगळे धडे आहेत आणि त्यांचे प्रश्नही वेगवेगळे. अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई मला ठाऊक आहे; मीही ती केली आहे. पण या पाच धड्यांच्या शेवटी एक तास "इंजिन का चालू होत नाही?" या एका प्रश्नाला द्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे. वर्गात कोणाचे वडील चालक असतील, कोणाचे काका मिस्त्री असतील. त्या तासाला ती मुले मागच्या बाकावर बसणार नाहीत.

आणि प्रयोगासाठी ट्रक लागत नाही. डिझेल आणि जाळ यांच्या वाटेला तर जाऊच नका. काचेच्या छोट्या बाटलीत थोडे खोबरेल घ्या. ती गार पाण्यात ठेवा, पाण्यात थोडे थोडे बर्फ टाका आणि तापमापीने नोंदी घ्या. तेल ढगाळ केव्हा झाले आणि वाहायचे केव्हा थांबले, ही दोन तापमाने वेगवेगळी येतात का ते पाहा. मग त्यात थोडे शेंगदाण्याचे तेल मिसळून पुन्हा मोजा. आकडे काय येतील ते मी मुद्दामच सांगत नाही.

द्रासच्या त्या मुलाला मी त्या दिवशी अपुरे उत्तर देऊन निघून आलो. त्याचा ट्रक कोठे असेल, कोण जाणे. पण तेव्हापासून दरवर्षी उष्णतेचा धडा शिकवताना मी फळ्यावर पहिल्यांदा त्याचाच प्रश्न लिहितो : इंजिन तेच, डिझेल तेच, बॅटरी तीच, मग रात्रीतून बिघडले काय?