वेगळी चूल कोणी मांडायला लावली?

अमेरिकन विद्यापीठांतल्या आशियाई विद्यार्थ्यांवर एक ठरलेला आक्षेप असतो: ही मुलं आपापल्यातच राहतात, वेगळी चूल मांडतात, मग देशात मिसळणार कधी? तिथे स्थिरावलेली आपली काही मंडळीही हाच सूर लावतात, तोही मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातून घरी परतताना. त्याच तोंडाने फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटी या मुलांच्या आणि मुलींच्या निवडक सभासदांच्या कॉलेज-मंडळांचं कौतुक होतं. तिथे म्हणे नेतृत्वगुण येतात, ओळखी होतात, पुढे नोकरीला उपयोग होतो. निवडून जोडलेला गट तो आधुनिक, जन्माने मिळालेला तो मागास!

आधी इतिहास पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतरही कित्येक फ्रॅटर्निटींच्या घटनेत सभासद गोराच हवा, ख्रिस्तीच हवा अशी कलमं होती. १९४८ साली ॲमहर्स्ट कॉलेजातल्या फाय कॅपा साय शाखेने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला घ्यायचं ठरवलं, तर मध्यवर्ती संघटनेने शाखाच निलंबित केली. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात जपानी वंशाच्या मुलींनी काय अल्फा डेल्टा ही स्वतःची सोरोरिटी काढली ती त्याआधी वीसेक वर्षं. आतून कडी लावायची आणि बाहेरच्याला माणूसघाणा म्हणायचं, असा हा न्याय.

विद्यार्थ्यांपलीकडे, एकगठ्ठा आशियाई वस्त्यांवरही हाच आक्षेप असतो. १९७५ नंतर व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातून निर्वासित आले तेव्हा सरकारने त्यांना मुद्दामच देशभर विखरून ठेवलं. लाओसमध्ये सीआयए या अमेरिकन गुप्तचर संस्थेच्या बाजूने लढलेले हमोंग जमातीचे लोकही त्यांत होते. काही वर्षांतच हे हमोंग आपणहून कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो आणि मिनेसोटातल्या सेंट पॉलला गोळा झाले. का, ते त्यांच्या रीतींत दिसतं. हमोंगांची अठराएक कुळं. एका कुळात लग्न होत नाही, आपल्या सगोत्रासारखंच. पारंपरिक पद्धतीचं मर्तिक तीन-चार दिवस रात्रंदिवस चालतं. केंग हे बांबूचं वाद्य फुंकणारा लागतो, ढोल वाजवणारा लागतो, आल्यागेल्याला रांधून घालणारे भाऊबंद लागतात. एक जाणता मृताच्या आत्म्याला परतीची वाट सांगतो: जिथे जिथे तो राहिला त्या प्रत्येक ठिकाणाचं नाव घेत, अमेरिकन शहरापासून थेट लाओसमधल्या जन्मगावापर्यंत. गावात एकुलतं एक हमोंग घर असेल तर हे सगळं करायचं कोणी? यात फुटीरपणा शोधणाऱ्याने स्वतःच्या घरातलं मर्तिक आठवावं.

‘पण फ्रॅटर्निटीत माणूस स्वखुशीने जातो’ हा युक्तिवाद मला सर्वात पोकळ वाटतो. स्वखुशीने गेलेल्याचं काय होऊ शकतं ते पाहा. डिसेंबर २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजातला पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी पेन्सिल्व्हेनियातल्या पोकोनो डोंगरात मेला. पाय डेल्टा साय या आशियाई-अमेरिकन फ्रॅटर्निटीचा तो उमेदवार होता. डोळ्यांवर पट्टी, पाठीवर वाळूने भरलेली पिशवी, थंडीने गोठलेली जमीन आणि धावत येऊन पाडणारे ‘भाऊ’. या प्रवेशविधीचं नाव ‘काचेचं छत’; आशियाई माणसाला अमेरिकेत जे सोसावं लागतं त्याचं म्हणे ते प्रतीक. तो बेशुद्ध पडल्यावरही त्याला लगेच इस्पितळात नेलं नाही. पुढे न्यायालयाने व्यक्तींबरोबर संघटनेलाही दोषी धरलं.

आक्षेपक इथे लगेच म्हणतील, बघा, वांशिक गट! पण हे रॅगिंग कुठल्या आशियाई गावातून आलं नव्हतं. गोऱ्या फ्रॅटर्निटींत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं, तिथूनच ते उचललं. एकत्र करायला काम नसलं की बंधुभाव मारझोडीतून पैदा करावा लागतो. लाओसमधून पळताना आजोबांनी मेकाँग नदी जीव मुठीत धरून ओलांडली, ते दुःख नातवाच्या पाठीवर वाळू लादून कळत नाही. आजोबांच्या मर्तिकात रात्रभर भांडी घासताना कदाचित कळतं.

कुळाची कड घेतो म्हणून त्याचं सगळंच गोड मानत नाही. नवऱ्याच्या मारहाणीचं प्रकरण कुळातले वडीलधारे पुरुष आपसात मिटवतात आणि बाईला नांदायला परत पाठवतात, ही तक्रार खरी आहे. मात्र ती चव्हाट्यावर आणली हमोंग बायकांनीच, आणि त्यासाठी मिनेसोटा-विस्कॉन्सिनात त्यांनी हमोंग बायकांच्याच संघटना काढल्या.