नाव आईबापांनी ठेवावे

बाळाच्या बाप्तिस्म्याआधी नावाची चिंता नातलगांनाच जास्त! ‘आनंद पवार’ दोघांनाही आवडले, आडनावाला शोभतेही, तरी कुणीतरी विचारतेच, “मग ख्रिस्ती कसे ओळखणार?” बंधुभगिनींनो, हा प्रश्न आता पुरे. १९८३ च्या धर्मसंहितेचा ८५५ वा नियम संताचेच नाव मागत नाही. ख्रिस्ती भावनेला परके नसावे, एवढेच सांगतो. बाबा पदमनजींनी १८५४ साली आपल्या बेळगावातच बाप्तिस्मा घेतला, नाव बाबाच राहिले. अलीशिबेने ‘योहान’ म्हटल्यावर ‘तुमच्या कुळात हे नाव कुणाचेच नाही’ असा आक्षेप आला. जखऱ्याने पाटीवर ‘योहान’च लिहिले (लूक १:५९-६३). आईबापांचे एकमत झाले, विषय संपला. लेकराला श्रद्धेत वाढवायचे काम पुढे आहेच; तिथे नातलगांनी जरूर यावे.