सालेकशाच्या अंगणात ट्युलिप

सालेकशाहून एका सूनबाईंचे पत्र आले आहे. सासूबाईंना श्रीनगरची ट्युलिपची बाग पाहण्याची फार हौस. पण गुडघे साथ देत नाहीत. ‘निदान अंगणात चार फुले त्यांना दाखवता येतील का? वीस कंद मागवू का?’ असे त्या विचारतात.

वीस नकोत, सहा मागवा. का, ते सांगते.

श्रीनगरची ती बाग झबरवान डोंगराच्या उतारावर 2007 साली खुली झाली. तिथे बर्फ पडते, आणि ट्युलिपला नेमके तेच हवे असते. कंद कापून पाहिलात, तर पुढच्या फुलाची इवलीशी कळी आत तयार बसलेली दिसेल. परंतु बारा-चौदा आठवडे कडक थंडी मिळाल्यावाचून तिचा दांडा लांबत नाही. थंडी चुकली, तर पाने तेवढी येतात आणि कळी पानांतच गुदमरते. आपल्या गोंदिया जिल्ह्यातली थंडी अंगावर शाल घ्यायला पुरेशी. ट्युलिपच्या हिशेबी ती थंडीच नव्हे!

मग दिल्लीच्या शांतिपथावर फेब्रुवारीत ट्युलिप कसे फुलतात? ते कंद हॉलंडहून येतात, डिसेंबरात लावले जातात. आपणही तीच वाट धरावी. कंद घेताना विक्रेत्याला स्पष्ट विचारा, ‘थंडी देऊन झालेले आहेत ना?’ तसे असतील, तर डिसेंबरात हाती येतील असे मागवा आणि आल्याबरोबर लावा.

साधे कंद मिळाले, तर फ्रिजचा आधार. पण दिवाळीला ठेवलेले कंद बाहेर काढायला जानेवारीची अखेर येते, आणि फूल उमलेपर्यंत आपल्याकडे उन्हाला सुरुवात झालेली असते. म्हणून हे काम गणपतीच्या सुमारास करायचे. यंदा ती वेळ गेली. पुढच्या वर्षी करायचे झाल्यास भोके पाडलेल्या कागदी पिशवीत कंद घालून फ्रिजच्या खालच्या भागात ठेवावेत, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. शेजारी सफरचंद, केळी ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने आतली कळी मरते. आणि पिशवीवर नाव लिहा, बरे का! कंद दिसतो कांद्यासारखा, आणि तो खाण्याजोगा नाही. 1944-45 च्या दुष्काळी हिवाळ्यात हॉलंडमधल्या लोकांनी पोटासाठी तो खाल्ला हे खरे, पण ती वेळ निराळी होती.

सालेकशाची माती धानाच्या बांध्यांची. पाणी धरून ठेवणारी. तीत कंद कुजतो. म्हणून कुंडीच बरी. निम्मी माती, उरलेल्यात जाड रेती आणि चांगले मुरलेले शेणखत. टोक वर ठेवून कंद मातीने जेमतेम झाकावा. कुंडी पूर्वेच्या ओट्यावर ठेवावी. सकाळचे कोवळे ऊन लागावे, दुपारी सावली असावी. पाणी माती सुकू लागली की द्यायचे, रोजच्या रोज नव्हे. पाच-सहा आठवड्यांत, कचारगडच्या माघी यात्रेच्या आगेमागे, कळ्या दिसाव्यात. सहांपैकी चार उमलल्या तरी पैसे वसूल समजा. कळीला रंग चढला, की कुंडी रात्री बाहेर गारव्यात आणि दुपारी घरातल्या थंड खोलीत ठेवा. फूल दोन दिवस अधिक टिकेल. ती कुंडी सासूबाईंच्या खाटेजवळच का ठेवू नये?

मात्र हा खेळ एका हंगामाचा. फुलानंतर पाने बरेच आठवडे हिरवी राहिली, तरच खाली नवा कंद भरतो. आपल्या मार्चच्या उन्हात ती पिवळी पडतात. दिवाळीचे झाड लावतो, तसेच समजा: पेटले, संपले.

दरवर्षी फुलणारा कंद हवा असेल, तर घरामागच्या सांदवाडीत कळलावी लावा. ट्युलिपची ही लांबची नातलग. हाजरा धबधब्याच्या बाजूच्या रानात पावसाळ्यात पिवळी-तांबडी फुले झुडपांवर चढलेली दिसतात, तीच ही. ट्युलिप थंडीची वाट पाहतो, ही पावसाची. आपला कडक उन्हाळा ती जमिनीखाली खुशाल झोपून काढते! नांगरासारखा वाकडा कंद जूनच्या आरंभी दोन बोटे खोल आडवा ठेवावा. टोकाचा कोंब मोडू देऊ नये. वर चढायला तारेची जाळी द्यावी. रानातून मात्र कंद उपटून आणू नका; औषधासाठी खणून खणून ती आधीच विरळ झाली आहे. रोपवाटिकेतून घ्या. तिचा कंद अत्यंत विषारी असतो. घरात लहान मूल असेल, तर कळलावीचा विचार सोडून निशिगंध लावा. त्याचे कंद मार्चमध्ये मातीत गेले, की पावसाळ्यात संध्याकाळी ओटा घमघमतो.

सूनबाई, सहा कंदांची मागणी या आठवड्यातच नोंदवा. डिसेंबर उजाडल्यावर चांगले कंद हाती लागत नाहीत.