भोर-वेल्ह्यातील सौर छपरे आणि विजेची गाडी

घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवून त्याच विजेवर दारातली गाडी चार्ज करणे ही ऑस्ट्रेलियातील मराठी कुटुंबांना आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. त्या देशात साधारण दर तीन घरांमागे एका घरावर पॅनेल आहेत आणि ग्रिडला विकलेल्या युनिटाचा दर इतका उतरला आहे की ते युनिट विकण्यापेक्षा गाडीत भरणेच परवडते. या व्यवहाराची किल्ली ज्याच्या हाती असते तो ‘स्मार्ट चार्जर’ घराच्या मीटरजवळील संवेदकाकडून दर काही सेकंदांनी माहिती घेतो, घरखर्च भागून किती वीज बाहेर चालली आहे हे पाहतो आणि तेवढाच प्रवाह गाडीकडे वळवतो; ढग आला की प्रवाह कमी होतो, ऊन पडले की वाढतो. हेच उपकरण भोर तालुक्यात किंवा आता राजगड हे नाव मिळालेल्या वेल्हे तालुक्यात आई-वडिलांच्या घरी बसवून द्यावे, असे अनेकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र ऑस्ट्रेलियातील कारणे तेथे जशीच्या तशी लागू होत नाहीत.

पहिला फरक हिशोबाचा आहे. महाराष्ट्रात घरगुती सौर यंत्रणेला ‘नेट मीटरिंग’ लागू होते. म्हणजे दिवसा ग्रिडला दिलेले युनिट रात्री ग्रिडकडून घेतलेल्या युनिटातून वजा होते, महिनाअखेरीस उरलेली शिल्लक पुढच्या महिन्यात ओढली जाते आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी तिचा निकाल लागतो. भाटघरच्या धरणात पावसाळ्यात साठवलेले पाणी नीरेच्या कालव्यांतून उन्हाळ्यात सोडावे, तसा हा प्रकार वाटतो, परंतु साम्य कागदापुरतेच आहे. धरणात पाणी खरोखर असते, तर दुपारी ग्रिडला दिलेली वीज त्याच क्षणी शेजारच्या घरात खर्च होऊन गेलेली असते आणि रात्री आठ वाजता गाडीत शिरणारी वीज मुख्यतः विदर्भातील कोळशावरच्या केंद्रांतून आलेली असते. बिल शून्य आले म्हणून गाडी सूर्यावर चालली, असे म्हणणे या अर्थाने अर्धसत्यच ठरते. ऑस्ट्रेलियात पैसा आणि सूर्य एकाच दिशेला ओढतात; भोरमध्ये नेट मीटर घेतलेल्या ग्राहकाला दुपारी चार्ज केले काय आणि रात्री केले काय, बिलात फारसा फरक पडत नाही, आणि म्हणूनच महागड्या चार्जरची किंमत वसूल होण्याची शक्यता तेथे कमी आहे. पॅनेल नसलेल्या पण नवे टीओडी मीटर, म्हणजे वेळेनुसार वापर नोंदवणारे मीटर, बसलेल्या घरगुती ग्राहकांना मात्र जुलै 2025 पासून सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील वापरावर दरात सवलत मिळू लागली आहे. दिवसा चार्ज करण्याचे आर्थिक कारण निर्माण झाले आहे ते त्यांच्यासाठी.

आकडे पाहिले तर गरज माफक असल्याचे दिसते. एक किलोवॉटची यंत्रणा वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे 4 युनिट वीज देते, म्हणजे 3 किलोवॉटचे छप्पर 12 युनिट देते. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत एवढ्या यंत्रणेला 78,000 रुपये अनुदान आहे आणि त्याहून मोठी यंत्रणा बसवली तरी ही रक्कम वाढत नाही. पुण्याहून भोरला जाऊन परत येण्यास शंभर किलोमीटरच्या थोडे पुढे अंतर पडते आणि मध्यम आकाराची गाडी एका युनिटात सुमारे 7 किलोमीटर जाते असे धरल्यास त्या फेरीला 15-16 युनिट, म्हणजे छपराची सव्वा दिवसाची कमाई लागते. पुण्यात नोकरी करणारी मुले शनिवार-रविवारी गावी येतात आणि गाडी भर दुपारी अंगणात उभी असते, ही गोष्ट सौर चार्जिंगच्या दृष्टीने मोलाची आहे. शहरातील गाडी त्या वेळी बहुधा कचेरीच्या वाहनतळावर असते. साधे 15 अँपिअरचे सॉकेट, स्वतंत्र वायर आणि गाडीतच असणारी चार्जिंगची वेळ ठरवण्याची सोय एवढ्यावर हे काम भागते.

स्मार्ट चार्जर बसवायचाच असेल तर एक तांत्रिक मर्यादा आधी समजून घ्यावी लागते. गाडी आणि चार्जर यांच्यातील प्रमाणित संकेतपद्धतीत 6 अँपिअरपेक्षा कमी प्रवाह देता येत नाही. सिंगल फेज जोडणीवर याचा अर्थ सुमारे 1.4 किलोवॉट होतो आणि 3 किलोवॉटच्या छपराला तेवढी शिल्लक दुपारी सहज पडते. थ्री फेज जोडणीवर तिन्ही फेजांतून प्रत्येकी 6 अँपिअर घेणाऱ्या गाडीला मात्र किमान 4.1 किलोवॉट लागतात, जे ते छप्पर कधीच देऊ शकत नाही. ‘थ्री फेज घ्या, चांगले असते’ हा गावोगावी मिळणारा सल्ला या एका बाबतीत उलटा पडतो. (विहिरीवरच्या पंपाची जोडणी वापरण्याचा मोह तर होऊच नये, कृषिपंपाची सवलतीची वीज मोटारीसाठी वापरणे बेकायदा आहे.)

सर्वांत मोठा गैरसमज वीज गेल्यावर काय होते याविषयी आहे. ग्रिडशी जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज खंडित होताच स्वतःही बंद होतो, कारण तो चालू राहिला तर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनच्या अंगात छपरावरची वीज उतरेल. त्यामुळे छपरावर लख्ख ऊन असूनही घरात दिवा नाही आणि गाडीत वीज नाही, अशी स्थिती येते. तोरणा-राजगडाच्या कुशीतील किंवा वरंधा घाटाकडच्या गावांत पावसाळी वाऱ्याने झाड तारेवर पडणे ही नेहमीची गोष्ट असल्याने हा मुद्दा तेथे पुस्तकी राहत नाही. बॅटरीसह हायब्रीड इन्व्हर्टर हा त्यावरचा उपाय असला तरी बॅटरीचा खर्च अनुदानात बसत नाही. त्यातच जून ते ऑगस्ट हे महिने सह्याद्रीच्या पायथ्याशी ढगांचे आणि मेलबर्नमध्ये हिवाळ्याचे असल्याने दोन्हीकडची छपरे एकाच वेळी मंदावतात, ही थोडी मौजेची बाब आहे.

म्हणूनच परदेशातून पैसे पाठवताना प्राधान्यक्रम बदलणे इष्ट ठरेल. चार्जरआधी चांगले अर्थिंग, गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे आरसीसीबी, महावितरणकडून वाढवून घेतलेला मंजूर भार आणि जुन्या वाशांची तपासणी यांवर खर्च व्हावा. पत्र्याच्या किंवा मंगलोरी कौलांच्या छपराला पॅनेलांचे वजन आणि वारा दोन्ही पेलावे लागतात. या सर्वांच्याही आधी येतो तो कागद. कित्येक वाड्यांवर वीजमीटर आजही दिवंगत आजोबांच्या नावावर आहे, तर अनुदानाचा अर्ज मात्र हयात ग्राहकाच्या नावानेच करावा लागतो. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर आणि मीटरवर नाव बदलताना सर्व वारसांची संमती मागितली जाते, आणि त्या वारसांपैकी एखादा बहुधा परदेशात बसून हा लेख वाचत असतो. त्याचे संमतीपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित होऊन भोरला पोहोचेपर्यंत पॅनेलांचे काम पुढे सरकत नाही.