भर पाण्यात इंजिन बंद
तारकर्लीला पर्यटकांच्या बोटीचं आउटबोर्ड इंजिन अचानक थांबलं, की जाणता तांडेल आधी नांगर टाकतो, मग कारण शोधतो. बटण दाबल्यासारखं फटकन बंद पडलं, तर संशय विजेवर. अनेकदा इंजिन बंद करणाऱ्या किल-स्विचची लाल दोरीच निसटलेली असते. आचके देत मेलं, तर संशय पेट्रोलवर. नळीतला रबरी फुगा चपटा झालेला दिसला, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघावा. तो बंद राहिला, तर आत हवा शिरत नाही आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. फिल्टरच्या तळाशी पाणी साचलं असेल, तर इथेनॉलमिश्रित पेट्रोलने ओल धरलेली असू शकते. तापल्याची शिट्टी वाजली असेल, तर पाणी खेचणाऱ्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटलीय का, ते पाहावं. कारण न शोधता स्टार्टर मारत राहिलं, तर बॅटरीही जाते.