उसनी झळाळी

धार जिल्ह्यातील राजगढ हे गाव इंदूर-अहमदाबाद महामार्गावर वसलेले, आणि मोहनखेड्याचे जैन तीर्थ त्याच्या अगदी शेजारी. त्यामुळे परगावच्या मोटारींची वर्दळ या गावाच्या बाराही महिने परिचयाची आहे. या वर्दळीत हल्ली काळ्या, गर्द निळ्या आणि गडद तपकिरी गाड्या पुष्कळ दिसू लागल्या आहेत. काळा रंग हा दबदब्याचा रंग, अशी आपल्या समाजाची समजूत असल्यामुळे, ज्याच्या हाती चार पैसे आले तो गृहस्थ हौसेने काळी गाडी घेतो. आणि मालव्याच्या काळ्या मातीची धूळ, वैशाखातील ऊन व कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी या तिघांशी आपण कायमचा दावा मांडून बसलो आहोत, हे पहिल्या वर्षाच्या अखेरीस त्याच्या ध्यानी येते. मग तो रंगाची निगा राखणाऱ्या एखाद्या दुकानाची पायरी चढतो. तेथे गाडीवर प्रथम ग्लेझ नावाचा एक स्निग्ध लेप चोळला जातो, त्यावर लागलीच सीलंट चढवले जाते, आणि पावतीवर ‘पेंट ट्रीटमेंट’ एवढे दोनच शब्द लिहून मोघम रक्कम वसूल केली जाते. यांतील क्रम रसायनाच्या दृष्टीने चुकीचा आहे आणि पावती व्यवहाराच्या दृष्टीने अपुरी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आजच्या मोटारीचा रंग म्हणजे एकच थर नव्हे. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर क्लिअरकोट नावाचा पारदर्शक थर अशी त्याची रचना असते. आणि हा वरचा थर साधारणतः ४० ते ५० मायक्रॉनांचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही बहुधा कमीच, असतो. आपण ज्यांना रंगावरचे ओरखडे म्हणतो ते बहुतेक सारे या पारदर्शक थरातच असतात. खालच्या रंगाला त्यांची झळही लागलेली नसते. पांढरा रंग स्वतःच चहूकडे प्रकाश विखरत असल्यामुळे त्या उजेडात ओरखड्यांचा उजेड हरवून जातो. काळा रंग मात्र आत शिरलेला बहुतेक प्रकाश गिळून टाकतो, आणि म्हणून वरच्या थरातील एकेका ओरखड्याच्या कडेवरून उसळलेला किरण त्या काळेपणावर ठळक उमटतो. घासून घासून जुन्या झालेल्या स्टीलच्या ताटात दिव्याभोवती जशी वर्तुळे दिसतात, तशीच काळ्या बॉनेटवर सूर्याभोवती दिसतात. वास्तविक ओरखडे अस्ताव्यस्त, सर्व दिशांना पडलेले असतात. परंतु ज्यांची दिशा प्रकाशाच्या मार्गाला आडवी, तेवढेच चमकत असल्यामुळे वर्तुळाचा भास होतो.

हे ओरखडे येतात कोठून, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराच्या अंगणात सकाळी सात वाजता मिळू शकते. रात्रभर गाडीवर बसलेली धूळ कोरड्या फडक्याने झटकण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ आहे, तिच्यात फडक्यात अडकलेले बारीक कण रंगावरून रोजच्या रोज फिरवले जातात. आणि पुढे ज्या बादलीत ते फडके पिळले जाते त्याच बादलीचे पाणी पुन्हा गाडीवर येते. महिन्याच्या बोलीवर चार घरच्या गाड्या पुसणाऱ्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला आधी साधे पाणी मारून धूळ वाहू द्यावी आणि दुसरी बादली वापरावी, असे मालकानेच कधी सांगितलेले नसते.

आता ग्लेझविषयी. ही वस्तू मूळची लबाड नव्हे, किंबहुना एके काळी ती अत्यावश्यक होती. १९२०च्या दशकात ड्यूपाँ कंपनीचे ड्यूको नावाचे नायट्रोसेल्युलोज लॅकर मोटारींवर आले, आणि यशवंतराव होळकरांसारख्या संस्थानिकांच्या शौकाच्या गाड्या ज्या काळात इंदूरच्या रस्त्यांवर फिरल्या त्या काळात लॅकरचेच राज्य होते. त्या रंगाला पारदर्शक कवच नसे; उन्हाने तो शुष्क होई, निस्तेज पडे, आणि त्याला तेलकट लेपाने तुकतुकी आणावी लागे. पॉलिशच्या धंद्यात नावाजलेली मेग्वायर्स ही अमेरिकन पेढी १९०१ साली स्थापन झाली ती लाकडी सामानाच्या पॉलिशसाठी. मोटारींकडे ती नंतर वळली, यावरूनही ही विद्या कोणत्या घराण्यातली आहे हे कळते. आपल्याकडे अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या एकेरी रंगाला पॉलिश करताना फडक्यावर गाडीचा रंग उतरलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तेलाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. परंतु मुंबईच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीनेही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्याचा निरोप घेतला. आणि आजचा क्लिअरकोट तेल पिणारा नाही. त्याच्यावर चोळलेले ग्लेझ त्याचे पोषण करीत नाही, ते केवळ ओरखड्याच्या चरीत जाऊन बसते. त्यातील तेलाचा अपवर्तनांक पारदर्शक थराच्या अपवर्तनांकाशी मिळताजुळता असल्यामुळे ओरखड्याच्या कडेवर प्रकाश उसळत नाही, आणि ओरखडा जागच्या जागी राहून अदृश्य होतो.

याचा प्रत्यय महामार्गावरील एका दुकानात मला आला. एका काळ्या गाडीचे बॉनेट मध्यभागी कागदी टेप लावून दुभागले होते. कारागिराने उजव्या भागावर स्पंजने ग्लेझ चोळले, थोडा वेळ जाऊ दिला, मऊ मायक्रोफायबरने ते पुसून काढले आणि हातातील टॉर्च दोन्ही भागांवरून फिरवली. डाव्या भागावर कोळिष्टकांचे जाळे, उजव्या भागावर नितळ काळेभोर पाणी! मग त्याने एका फडक्यावर स्पिरिट घेऊन तोच उजवा भाग दोनदा पुसला आणि टॉर्च पुन्हा मारली. सगळे जाळे होते तसे परत आले. “साहेब, हे नवऱ्या मुलाच्या गाडीसाठी ठीक,” तो म्हणाला, “वर्षभराचे बोलाल तर मशीन लावावे लागेल.” त्या कारागिराचा प्रामाणिकपणा हाच माझ्या लेखाचा मुख्य आधार आहे.

सीलंट हे कृत्रिम बहुवारिकांचे आवरण असते. स्वच्छ, तेलविरहित पृष्ठभागाला घट्ट धरून राहण्यातच त्याचे सारे सामर्थ्य असून, पूर्णपणे बसण्यास त्याला काही तासांची, प्रसंगी दिवसाची, मुदत द्यावी लागते. ज्या पृष्ठभागावर नुकताच तेलाचा थर दिला आहे त्यावर ते चढवणे म्हणजे तेलालाच सीलंट लावणे होय. याच जिल्ह्यातील पीथमपुरात वाहनांचे कारखाने आहेत आणि ११.३ किलोमीटर लांबीचा वाहन-चाचणीचा वेगवान मार्गही आहे. कोणत्याही मोटार-कारखान्याच्या रंगशाळेत पत्र्यावर पहिला संस्कार होतो तो त्यावरील तेलाचा अंश धुऊन काढण्याचा, ही साधी गोष्ट जर तेथे अनिवार्य मानली जाते, तर रस्त्याकडेच्या दुकानात तिच्या नेमके उलट वागून टिकाऊपणाची हमी कोणत्या तोंडाने देता येते? उन्हात काळा पत्रा पांढऱ्यापेक्षा कितीतरी अधिक तापतो, तेल पातळ होऊन हलते, आणि चार-सहा धुण्यांत ग्लेझ तर जातेच, पण त्याच्या भरवशावर बसलेले सीलंटही वेळेआधी रजा घेते.

अपवाद नाहीत असे नाही. काही ग्लेझ सीलंटच्या खाली चालावीत अशाच बेताने बनवलेली असतात आणि तसे त्यांच्या डब्यावर छापलेले असते. तेथे तक्रारीस जागा नाही. शिवाय ग्लेझचे समर्थक एक खरोखरच विचारार्ह मुद्दा मांडतात: यंत्राने पॉलिश करणे म्हणजे पारदर्शक थर थोडाथोडा झिजवणे, आणि ४०-५० मायक्रॉनांची ही पुंजी एकदा खर्ची पडली की ती परत येत नाही. जुन्या गाडीवर, किंवा जिच्यावर पूर्वी दोन-तीनदा बफिंग झाले आहे अशा गाडीवर, झिजवण्यापेक्षा झाकणे शहाणपणाचे, हे मी निःसंकोच मान्य करतो. पण मग त्या ग्लेझवर सीलंट नको, कार्नोबाचे मेण द्यावे. ब्राझीलमधील ताडजातीच्या झाडाच्या पानांवरचे हे मेण पृष्ठभागाशी रासायनिक सोयरीक मागत नाही, तेलावरही सुखाने नांदते. ते फार टिकत नाही, आणि खालचे ग्लेझही टिकणारे नसते, म्हणजे दोघांचा हिशेब एकत्रच मिटतो. उलट, ज्याला सीलंटचे महिने हवे आहेत त्याने ओरखडे यंत्राने माफक काढून घ्यावेत, राहिलेले तसेच चालवून घ्यावेत, पृष्ठभाग स्पिरिटने पुसावा आणि ग्लेझचा डबा बंदच ठेवावा.

ही निवड करण्याचा अधिकार गाडीच्या मालकाचा आहे, आणि आज तोच नेमका त्याच्या हातून काढून घेतला जातो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याने घेतलेल्या सेवेचा दर्जा, परिमाण आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिलेला आहे. परंतु ‘पेंट ट्रीटमेंट’ या दोन शब्दांत ओरखडे काढले की बुजवले याचा खुलासा नसल्यामुळे, उद्या फिर्याद करावयाची झाल्यास दाखवण्यासारखा दस्तऐवज त्याच्यापाशी उरत नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात तर हा मामला अधिक गंभीर होतो. दसऱ्याच्या सुमारास गाडी घेण्याची आपल्याकडे हौस, आणि विक्रीच्या आदल्या दिवशी ग्लेझ मारलेली काळी गाडी नव्यासारखी दिसणार हे उघड. घेणारा तिच्या कांतीचे पैसे मोजतो आणि दिवाळीच्या आत ती कांती नाल्यातून वाहून जाते.

यावर उपाय सरकारी नव्हे, घरगुती आहे. पावतीवर तीन गोष्टी लिहून मागाव्यात: ओरखडे यंत्राने काढले की लेपाने बुजवले, वर मेण दिले की सीलंट, आणि त्याची मुदत किती. जुनी गाडी घेताना टॉर्च आणि स्पिरिटचे फडके सोबत न्यावे, आणि विक्रेत्याची परवानगी घेऊन बॉनेटचा एक कोपरा पुसून पाहावा; जो परवानगी नाकारील त्याने आपल्या नकारानेच उत्तर दिले असे समजावे. ग्लेझ विकणाऱ्यावर माझा रोष नाही. लग्नाच्या वरातीपुरती झळाळी हवी असणाऱ्याने ती खुशाल विकत घ्यावी. फक्त वरातीचा माल संसाराच्या भावाने विकला जाऊ नये, आणि तो तसा विकला जातो आहे की नाही हे पावती वाचूनच कळावे, एवढीच मागणी आहे; आणि ती करण्यास राजगढच्या ग्राहकाला कोणाच्या सनदेची गरज नाही.